नवं अग्निशमन केंद्र मागताय? आधी मिनिटं मोजा

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही जुळे सोलापूरमधल्या काही सोसायट्यांचा मिळून रहिवासी संघ चालवतो. भाग झपाट्याने वाढलाय, आता सात-सात मजली इमारती उभ्या राहताहेत. महापालिकेकडे नव्या अग्निशमन केंद्राची मागणी करायची आहे. किती गाड्या मागाव्यात, उंच शिडीची गाडी मागावी का, जागा कुठे सुचवावी, आणि निवेदनात काय लिहिलं म्हणजे ते फायलीत पडून राहणार नाही?

उत्तर:

'किती गाड्या' हा प्रश्न तुम्ही पहिला विचारलाय, तो शेवटी घ्या. अग्निशमन दलात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, आपल्याकडे गाडी मिळणं त्यातल्या त्यात सोपं. निधी येतो, निविदा निघते, लाल गाडीपुढे नारळ फुटतो, पेपरात फोटो येतो. त्या गाडीवर पहाटे तीनला चढायला सहा माणसं आहेत का, ती जाईल तिथे पाणी आहे का आणि वेळेत पोहोचेल असा रस्ता आहे का, हे फोटोत दिसत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि महापालिकांच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते. त्यामुळे नवा बंब आला म्हणजे दलात एक बंब वाढला असं समजू नका. कितीदा तरी जुना भंगारात गेलेला असतो आणि नवा त्याची जागा भरतो.

सुरुवात वर्दी पुस्तकापासून करा. वर्दी म्हणजे मदतीसाठी आलेला फोन. प्रत्येक केंद्रात फोन आल्याची वेळ, गाडी सुटल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ लिहिलेली असते. माहिती अधिकारात तुमच्या भागातल्या मागच्या तीन वर्षांच्या वर्द्या मागा. त्यातून दोन गोष्टी वेगळ्या काढा. फोन आल्यापासून गाडी दारातून सुटेपर्यंत किती वेळ गेला, हा एक आकडा. सुटल्यापासून पोहोचेपर्यंत किती, हा दुसरा. पहिला मोठा असेल तर तो माणसांचा आणि नियंत्रण कक्षाचा प्रश्न आहे, तिथे नव्या केंद्राने काही फरक पडणार नाही. दुसरा मोठा असेल तरच केंद्राची मागणी टिकते. आणि सरासरी काढू नका. दुपारी दोनची कचऱ्याची आग आणि संध्याकाळी सातची घरातली आग यांची सरासरी काढली की दोन्ही आकडे बरे दिसतात. दहापैकी नऊ वर्द्यांना गाडी किती मिनिटांच्या आत पोहोचली, तेवढं बघा.

शहरात पहिली गाडी ५ ते ७ मिनिटांत पोहोचावी, असं साधारण धरतात. फोन घेणं, पत्ता समजून घेणं आणि गाडी सुटणं यात चांगल्या दलातही दीड-दोन मिनिटं जातात. उरली पाच. विजापूर रस्त्यासारख्या रुंद रस्त्यावर बंब ताशी ३५ किलोमीटरने गेला, तर पाच मिनिटांत जेमतेम तीन किलोमीटर कापतो. साखर पेठ, भवानी पेठ, जोडभावी पेठ इकडे संध्याकाळी २० चा वेग मिळाला तरी नशीब, म्हणजे दीड-पावणेदोन किलोमीटर. म्हणून नकाशावर केंद्राभोवती कंपासने गोल काढणाऱ्या आराखड्यावर माझा विश्वास नाही. आपल्या शहराच्या मधून रेल्वेमार्ग जातो. स्टेशनच्या अलीकडे आणि पलीकडे दोन ठिकाणं नकाशावर एक किलोमीटरवर दिसतात, पण बंबाला पुलाला वळसा घालून जावं लागतं. एखाद्या पुलाचं काम निघालं की सगळं गणित बदलतं. जुळे सोलापूरसाठी तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे: रूळ ओलांडावे न लागता तुमच्यापर्यंत पोहोचतील अशा गाड्या तुमच्या बाजूला किती आहेत? संघातल्या कुणाला तरी सकाळी दहा, संध्याकाळी सात आणि रात्री दोन अशा तीन वेळांना सध्याच्या केंद्रापासून तुमच्या चौकापर्यंत चारचाकीने जायला सांगा आणि मिनिटं लिहून काढा. बंब त्याहून थोडा हळूच येतो, घंटा वाजवली तरी.

निकषांबद्दल सांगतो, कारण तुमच्या अर्जावर अधिकारी तेच लिहितील. नगररचनेच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन लाख लोकसंख्येला एक अग्निशमन केंद्र. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे पाच केंद्रं झाली की हिशेब जुळतो. अग्निशमन सेवेचा क्षेत्रफळाचा निकष मात्र शहरात १० चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. १९९२ च्या हद्दवाढीनंतर आपलं क्षेत्रफळ झालं सुमारे १७८ चौरस किलोमीटर. त्या हिशेबाने अठरा केंद्रं लागतात. पाच आणि अठरा, दोन्ही आकडे कागदावर बरोबर! पालिकेला अठरा परवडणार नाहीत, आणि पाचांत हद्दवाढीचा भाग उघडा पडतो. मधला आकडा जोखमीवरून ठरवायचा असतो, तो प्रभागागणिक सारखा वाटून ठरत नाही. आपल्याकडे प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागात केंद्र हवं असतं, म्हणून हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

सोलापुरातली जोखीम कुठे आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने, सुताची गोदामं, शिलाईचे युनिट. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि ८ जण गेले. मालकाच्या घरचे होते, कामगार होते, त्यात तान्हं लेकरूसुद्धा होतं. त्या आगीच्या कारणांवर मी इथे बोलणार नाही. पण खाली माल आणि वर माणसं झोपलेली, ही रचना आपल्या शहरात पूर्व भागापासून एमआयडीसीपर्यंत जागोजागी आहे, आणि नियोजन करणाऱ्याने ती गृहीत धरलीच पाहिजे.

कापडाची आग कशी असते ते बघा. टॉवेलचा गठ्ठा बाहेरून विझलेला दिसतो आणि आत तासन् तास धुमसतो. वरून पाणी मारलं की वरचा थर भिजतो, तो पाणी आत जाऊ देत नाही. गठ्ठे ओढून, फोडून, एकेक भिजवावा लागतो, आणि हे काम धुरात चालतं. धुरात जायला बी. ए. सेट लागतो, म्हणजे पाठीवर हवेचं नळकांडं. ६ लिटरचं, ३०० बार दाबाने भरलेलं, म्हणजे साधारण १,८०० लिटर हवा. कष्टाचं काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर तर सहज ओढतो, त्यामुळे कागदावर पाऊण तास. पण आत जायचं, बाहेर यायचं आणि थोडी हवा राखीव ठेवायची म्हटल्यावर हातात काम करायला पंचवीस-तीस मिनिटं उरतात. आग पाच तास चालली तर दोन फायरमनची एकच जोडी आत सतत ठेवायला वीस नळकांडी लागतात. ती भरायला कॉम्प्रेसर लागतो, आणि तो दुसऱ्या गावात असून उपयोग नाही. निवेदनात 'अत्याधुनिक साहित्य' असं मोघम लिहू नका. 'इतके बी. ए. सेट, इतकी जादा नळकांडी आणि शहरात स्वतःचा कॉम्प्रेसर' असं लिहा.

आता पाणी, ज्यावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. नेहमीच्या बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी असतं. दोन होज लाइन, म्हणजे बंबाचे पाइप, चालू केले आणि प्रत्येकाच्या तोंडाच्या ब्रँचमधून मिनिटाला ४५० लिटर गेलं, तर टाकी पाच मिनिटांत रिकामी. पुढे पाणी कुठून? पुस्तकात उत्तर आहे रस्त्यावरचा हायड्रंट, म्हणजे नळाच्या लाइनवरची बंब भरायची तोटी. पण ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे हायड्रंटची चावी फिरवली तर बहुतेक वेळा हवाच बाहेर येईल. उजनीची दुहेरी पाइपलाइन झाली म्हणून गल्लीतल्या लाइनला चोवीस तास दाब राहील, असं धरून अग्निशमनाचा आराखडा करणं धाडसाचं आहे.

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये आगीसाठीच्या राखीव पाण्याचं सूत्र आहे: लोकसंख्या हजारांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, शंभराने गुणा, तेवढे किलोलिटर. २०११ ची लोकसंख्या घातली तर सोलापूरला सुमारे ३१ लाख लिटर येतं. त्यातलं एक तृतीयांश जलकुंभांत राखून ठेवायचं आणि बाकीचं शहरभर विखुरलेल्या टाक्यांत. म्हणजे वीस लाख लिटरच्या आसपास पाणी अशा टाक्यांत हवं, जिथून बंब थेट ओढून घेईल. तुमच्या भागातल्या जलकुंभाच्या खाली बंब भरायचा वेगळा व्हॉल्व्ह आहे का, त्याला आपल्या होजचं कपलिंग बसतं का, आणि रात्री त्याच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते, हे जाऊन बघून या. किल्ली कुणाकडे, हा प्रश्न मी गमतीने लिहिलेला नाही.

सोलापूरकडे एक गोष्ट आहे जी पुष्कळ शहरांकडे नाही: जुन्या विहिरी आणि तलाव. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, गिरण्यांच्या काळातल्या विहिरी. पंपाने सक्शन करून पाणी ओढायची व्यवहारातली मर्यादा सातेक मीटर. उन्हाळ्यात विहिरीची पातळी त्याखाली गेली की बंबाचा पंप निकामी, तिथे सबमर्सिबल बसवून वर टाकी बांधावी लागते. तलावाकाठी बंबाचं वजन पेलेल असा पक्का उतार लागतो, नाहीतर गाडीच चिखलात रुतते. ही कामं काही लाखांची आहेत, कोटींची नाहीत. आणि ती बंबासारखी पंधरा वर्षांनी भंगारात जात नाहीत. मला एकच मागणी लिहायला सांगितली, तर मी नव्या बंबाऐवजी १२ हजार लिटरचा एक टँकर आणि चार ठिकाणी बंबात पाणी भरायची केंद्रं मागेन.

माणसांचं गणित साधं आहे, पण कुणी करत नाही. एका गाडीवर चालक-यंत्रचालक, एक प्रमुख आणि चार विमोचक, म्हणजे फायरमन, असे सहा जण धरा. एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. एक माणूस ४८ तास काम करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की साडेचार. सहा जागांना सत्तावीस. दोन गाड्यांचं केंद्र म्हणजे चौपन्न, त्यात फोनवर बसणारे आणि अधिकारी मिळवले की साठच्या घरात जातं. एवढी पदं आकृतिबंधात, म्हणजे पालिकेच्या मंजूर पदांच्या यादीत, बसावी लागतात, आणि आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरे, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट महापालिकांच्या मानेवर असते. इथेच बहुतेक केंद्रं अडतात. इमारत होते, गाडी येते, आणि शहरातल्याच केंद्रातली माणसं अर्धी अर्धी वाटली जातात. मग पूर्वी एका ठिकाणी सहा जणांचा क्रू होता, तिथे आता दोन ठिकाणी तीन-तीन जण. तिघांत एक गाडी चालवतो, एक पंपावर राहतो, आत जायला एक उरतो. एकट्याने धुरात जायचं नसतं. अशा केंद्राचं उद्घाटन होऊ देण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठेकेदारी पद्धतीने माणसं घ्यायची टूम आता सगळीकडे आहे. चालकांपुरती एकवेळ समजू शकतो. पण आत जाणारा माणूस सहा महिन्यांचा अग्निशमन अभ्यासक्रम केलेला, याच दलात मुरलेला आणि शहराच्या गल्ल्या तोंडपाठ असलेला हवा. पदमंजुरी, भरती, प्रशिक्षण, सराव हे सगळं धरून मागणीपासून माणूस गाडीवर चढेपर्यंत दोन वर्षं सहज जातात. इमारतीच्या कामाआधी भरतीची फाइल हलली पाहिजे.

शिडीच्या गाडीबद्दल. मागा, पण पहिल्या यादीत नको. ती गाडी जड असते, पाय पसरून उभी राहायला कडक आणि मोकळी जमीन लागते. तुमच्या सोसायटीच्या फाटकाची कमान, आत लावलेल्या गाड्या, समोरच्या विजेच्या तारा बघा आणि मग ठरवा, ती तुमच्या इमारतीपाशी पोहोचेल का. सात मजली इमारतीची आग मुळात इमारतीतल्याच यंत्रणेने आटोक्यात यायला हवी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ती यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासून 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. संघातल्या किती सोसायट्यांनी मागच्या जुलैत ते दिलं? निवेदन घेऊन गेल्यावर अधिकारी हा प्रश्न विचारणारच. उत्तर तयार ठेवा.

याच कायद्याखाली कारखान्यांची तपासणी होते, आणि ती करणारी माणसं गाडीवरच्या माणसांपासून वेगळी हवीत. वर्दी आली की तपासणी अर्धवट टाकून पळायचं, असं चालत असेल तर यंत्रमागांचा भाग कधीच पुरा तपासून होणार नाही. तिथे पहिल्या फेरीत नोटिसांचा मारा करू नये. वर झोपणाऱ्यांना उतरायला दुसरा जिना किंवा आतून उघडणारी जाळी आहे का, धुराचा अलार्म आहे का, रात्री शटरला बाहेरून कुलूप लागतं का, एवढंच बघावं आणि करून घ्यावं.

तुमच्या प्रश्नात नाही, पण हद्दीबाहेरचं लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. कुंभारीला रे नगरची ३० हजार घरांची वसाहत आहे, त्यातली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. घरटी चार-साडेचार माणसं धरली तर सगळी भरल्यावर लोकवस्ती बार्शी शहराच्या पुढे जाते. बार्शीला नगरपालिका आहे, इथे ग्रामपंचायत. आग लागली की फोन सोलापुरातच येणार. इकडे होटगी रस्त्यावरून २०२५ मध्ये नियमित विमानसेवा सुरू झाली. विमानतळाचं स्वतःचं पथक धावपट्टीसाठी असतं, बाहेर काही झालं तर शहराचंच दल. पुणे-हैदराबाद महामार्गावर गॅसचा टँकर उलटला तरी तेच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर सगळ्यांनी पाहिलाच आहे. तेव्हा आग विझवणाऱ्यांना बोटी, लाइफ जॅकेट आणि दोरखंडाचं काम करावं लागलं. शहराचं दल जिल्ह्याला पुरवायचं असेल तर त्याचा खर्च जिल्ह्याने, म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आणि एमआयडीसीने उचलावा, आणि कुणी कुठे आधी धावायचं हे लेखी असावं. 'माणुसकीच्या नात्याने जातो' हे ठीक आहे, पण दोन बंब हद्दीबाहेर चिंचोळी एमआयडीसीला गेले असताना जुळे सोलापुरातून फोन आला तर कोण येणार, याचं उत्तर त्या कागदात हवं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, तेव्हा बंब तिथे उभे करावेच लागतात. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर गेला की कचरा आणि गवताच्या वर्द्या एका दिवसात ढिगाने येतात. अशा दिवसांचा हिशेब धरूनच राखीव गाडी ठरते.

रुग्णवाहिका वेगळी मागू नका. १०८ ची सेवा राज्याची आहे, तिची एक गाडी नव्या केंद्राच्या आवारात उभी राहील एवढी जागा मागा. गाडी अपघातात चेपली असेल तर माणूस बाहेर काढायचा कटर बंबवाल्यांकडे असतो आणि उपचार १०८ वाल्यांकडे. दोघं एका फाटकातून सुटले तर सिव्हिलला पोहोचायच्या वेळेत नक्की फरक पडतो.

जागेसाठी विकास आराखडा उघडा. तुमच्या भागात अग्निशमन केंद्राचं आरक्षण दाखवलेलं आहे का, ते संपादित झालंय का, त्यावर आज काय आहे, हे आधी पाहा. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. एकदा गेलेली जागा तुमच्या भागातल्या आजच्या भावाने परत मिळणार नाही. उपकेंद्राला अर्धा-पाऊण एकरही चालतो, मात्र रुंद रस्त्यावर, शक्यतो कोपऱ्याचा, दोन फाटकांचा, आणि समोर आठवडी बाजार भरत नसलेला. आवारात कर्मचाऱ्यांच्या खोल्या हव्यात. मोठ्या वर्दीला सुट्टीवरची माणसं दहा मिनिटांत हजर होतात ती तिथेच राहतात म्हणून.

निवेदन दोन पानांचंच ठेवा: मिनिटांचा तक्ता, पुलांसह नकाशा, पाण्याच्या जागा, पदांचं गणित आणि आरक्षणाचा गट क्रमांक. गाड्या त्यानंतर, एका ओळीत: एक बंब, एक टँकर, गल्लीत शिरणारी एक छोटी गाडी. आयुक्तांच्या नावे द्या, प्रत अग्निशमन विभागाबरोबर नगररचना, पाणीपुरवठा आणि लेखा विभागालाही. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते, तेव्हा नोव्हेंबरातच आवक-जावकचा शिक्का मारून घ्या. मार्चमध्ये गेलात तर पुढच्या वर्षीचं बघू म्हणतील.